बैठे काम आणि शारीरिक हालचाल

बैठे काम म्हणजे दिवसाचा बहुतांश वेळ खुर्चीवर, गादीवर किंवा जमिनीवर बसून करावे लागणारे काम होय. कारकुनी, लेखापालन, संगणकावरील नोंदी, बँकेतील रोखपालाचे काम, वाहनचालन, शिवणकाम आणि दुकानातील गल्ल्यावरचे काम ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. अशा कामात शरीराची हालचाल अत्यल्प होते आणि ती दीर्घकाळ अत्यल्पच राहिल्यास हृदयविकार, मधुमेह, स्थूलता तसेच मान व कंबर यांच्या तक्रारींचा धोका वाढतो. हा धोका कमी करण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला नियमित व्यायामाचा आणि दुसरा सलग बसणे वारंवार खंडित करण्याचा. यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा पूर्णपणे भरून निघत नाही. प्रस्तुत लेखात या विषयाचा सर्वसाधारण परिचय करून दिला असून बीड जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विशेष विचार केला आहे.

व्याख्या आणि मापन

शारीरिक श्रम मोजण्यासाठी 'मेट' हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारी ऊर्जा म्हणजे १ मेट. जागेपणी बसून, रेलून किंवा पडून राहिल्यावर ऊर्जाखर्च १.५ मेट किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्तनास 'बैठे वर्तन' म्हणतात. ३ ते ६ मेट लागणारे श्रम मध्यम आणि ६ मेटपेक्षा अधिक लागणारे श्रम तीव्र मानले जातात. झपाझप चालणे हा मध्यम श्रमाचा नेहमीचा नमुना आहे. त्याची घरगुती कसोटी सोपी आहे. मध्यम श्रम करताना माणसाला बोलता येते, पण गाता येत नाही. तीव्र श्रमात चार शब्द बोलल्यावर श्वासासाठी थांबावे लागते.

'व्यायामाचा अभाव' आणि 'दीर्घकाळ बसणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज पहाटे अर्धा तास फिरून येणारा कर्मचारी व्यायामाच्या निकषावर उत्तीर्ण होतो. परंतु त्यानंतरचे आठ-नऊ तास तो जवळजवळ न उठता बसला, तर बैठ्या वर्तनाच्या निकषावर तो अनुत्तीर्ण ठरतो. याउलट दिवसभर उठबस करणारी, पण वेगळा व्यायाम न करणारी व्यक्तीही आढळते. म्हणून दोहोंचे मोजमाप स्वतंत्रपणे केले जाते.

मराठीत 'बैठक' या शब्दाला दोन परस्परविरोधी अर्थ आहेत. एक बसण्याचा, त्यावरून सभेचा. दुसरा तालमीतील मांड्यांच्या व्यायामाचा. जोर आणि बैठका यांतील बैठक ही बसण्याइतकीच उठण्याचीही क्रिया आहे. बैठ्या कामाच्या दुष्परिणामांवरील उपाय या दुसऱ्या अर्थाच्या जवळ जातो.

संशोधनाचा इतिहास

बसून काम करणाऱ्यांच्या विकारांची पद्धतशीर नोंद इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी यांच्या ग्रंथात सापडते. विविध व्यवसायांतील रोगांविषयीचा त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १७१३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. लेखनिकांच्या त्रासाची त्यांनी तीन कारणे दिली आहेत. सतत बसणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चुका होऊ नयेत म्हणून मनावर राहणारा ताण. संगणकावर काम करणाऱ्या आजच्या कर्मचाऱ्यासही ही तीनही कारणे लागू पडतात.

आधुनिक काळात या विषयाला निर्णायक वळण लंडनमधील बसकर्मचाऱ्यांच्या अभ्यासाने दिले. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना केली. त्यांचे निष्कर्ष १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढे-उतरे. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांच्यातही तो तुलनेने सौम्य व उशिरा झाला. टपाल खात्यातही हाच कल दिसला. पत्रे वाटत फिरणाऱ्या पोस्टमनांची स्थिती दूरध्वनीचालक व कारकून यांच्यापेक्षा चांगली होती.

मॉरिस यांच्या गटाने पुढे स्वतःच्याच निष्कर्षाची उलटतपासणी केली. १९५६ मध्ये त्यांनी बसकर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशांची मापे तपासली. तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांच्यापेक्षा अधिक असल्याचे आणि हा फरक तरुण वयातही असल्याचे दिसले. म्हणजे दोन्ही गटांची शरीरे काही प्रमाणात मुळातच भिन्न असावीत. त्यामुळे संपूर्ण फरकाचे श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. तथापि नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ दिशेला पुष्टी दिली.

भारतातील एक महत्त्वाचा अभ्यासही १९५६ मध्येच प्रसिद्ध झाला. जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका तागगिरणीतील २१३ व्यक्तींचा आहार, वजन आणि श्रम यांचा संबंध तपासला. हलक्या श्रमांपासून अतिकष्टाच्या श्रमांपर्यंत जसजसे काम वाढे तसतसा आहार वाढे, पण वजन फारसे वाढत नसे. अत्यंत बैठे काम करणाऱ्या कारकून, पर्यवेक्षक आणि दुकानदार यांच्या बाबतीत मात्र हा मेळ बिघडलेला दिसला. हलके श्रम करणाऱ्यांपेक्षा ते अधिक खात होते आणि त्यांचे वजनही अधिक होते. एका मर्यादेपलीकडे हालचाल घटली की भूक शरीराच्या गरजेप्रमाणे कमी होत नाही, असे यावरून सूचित झाले.

शरीरावर होणारे परिणाम

मांड्या, नितंब आणि पोटऱ्या येथील स्नायू शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी आहेत. माणूस बसला की ते जवळजवळ निष्क्रिय होतात. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातील साखर आत ओढून घेतो आणि ही क्रिया काही अंशी इन्शुलिनच्या मदतीविनाही होते. स्नायू स्वस्थ राहिले की जेवणानंतर वाढलेली साखर रक्तात अधिक काळ राहते आणि ती हटवण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन स्रवावे लागते. वर्षानुवर्षे असे होत राहिल्यास मधुमेहाकडे वाटचाल होते.

या प्रक्रियेवर थोड्याशा हालचालीचाही परिणाम होतो. डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजन अधिक असलेल्या १९ प्रौढ व्यक्तींनी दर २० मिनिटांनी केवळ २ मिनिटे चालून बसणे खंडित केले. सलग बसण्याच्या तुलनेत त्यांच्या रक्तशर्करेतील भोजनोत्तर वाढ सुमारे एक-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कमी भरली. चालणे अगदी संथ असतानाही फरक पडला. प्रयोग लहान असला, तरी नंतरच्या इतर प्रयोगांत याच दिशेचे निष्कर्ष मिळाले आहेत.

पोटरीचे स्नायू पायांतील रक्त हृदयाकडे परत ढकलण्याचे काम करतात. पाय लोंबकळत ठेवून दीर्घकाळ बसल्यास रक्त व द्रव खाली साचतो, संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसते आणि दिवसभर सैल वाटणारी चप्पल घट्ट होते. पुढे वाकून संगणकाकडे पाहत राहिल्याने मानेचे व कमरेचे स्नायू ताठरतात. मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू आखडतात आणि पाठीला आधार देणारे स्नायू दुर्बल होतात. डोळे कोरडे पडणे आणि मनगट दुखणे या तक्रारीही याच दिनक्रमाच्या सोबती आहेत.

भारतीय शरीराचे वैशिष्ट्य

भारतीय व्यक्ती सडपातळ दिसत असूनही तिच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीरभार निर्देशांक एकच, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. म्हणून भारतीयांनी केवळ वजनकाट्यावर विसंबून राहू नये असे सांगितले जाते. पोटाचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हे धोक्याचे लक्षण मानतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असून ही संख्या सुमारे १० कोटी १० लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांसह केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बीड हा मराठवाड्यातील ११ तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ असून त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोक नागरी भागात राहतात. बालाघाटच्या डोंगररांगेवरील आणि पर्जन्यछायेतील हा प्रदेश कोरडवाहू शेती व दुष्काळ यांसाठी ओळखला जातो. येथील ऊसतोड कामगार दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसांची गणती अवजाराच्या नावाने व्हावी, इतके हे जीवन श्रमाशी जोडलेले आहे.

अशा जिल्ह्यात बैठ्या कामाचा प्रश्न गौण वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः येथे तो वेगळ्या रूपात उभा राहतो. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, तहसील कार्यालये, बँका, पतसंस्था आणि महाविद्यालये यांत काम करणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांची पहिलीच पिढी खुर्चीवर बसली आहे. आईवडिलांचे आयुष्य शेतात किंवा उसाच्या फडात गेले आणि मुलाचे किंवा मुलीचे टेबलाशी जात आहे. हा बदल एका पिढीत झाल्याने ताटातील अन्न, जेवणाचा आग्रह आणि 'अंगमेहनतीतून सुटका म्हणजे प्रगती' ही धारणा पूर्वीसारखीच राहिली आहे.

या बदलाचे प्रमाण आकड्यांतून स्पष्ट होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठ्या कामासाठी दररोज सुमारे २,११० किलोकॅलरी, मध्यम श्रमांसाठी २,७१० आणि जड श्रमांसाठी ३,४७० किलोकॅलरी ऊर्जा लागते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १,६६०, २,१३० आणि २,७२० आहेत. म्हणजे जड श्रम करणारा बाप आणि बैठे काम करणारा मुलगा यांच्या दैनंदिन गरजेत १,३६० किलोकॅलरींचे अंतर पडते. पोटभर जेवणाची सवय मात्र घरातून वारशाने येते. मेयर यांच्या अभ्यासातील निरीक्षण येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवारची सुट्टी मिळाली आणि त्या बदल्यात रोजची वेळ वाढून सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी झाली. त्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे. साडेआठ तासांच्या या दिवसात शरीराला उठण्याची संधी किती मिळते, हे बरेचसे कामाच्या रचनेवर ठरते. तालुक्याच्या गावी नोकरी आणि जिल्ह्याच्या गावी बिऱ्हाड अशी व्यवस्था असलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत 'अप-डाऊन'चा बसमधील किंवा मोटारीतील वेळही बसण्यातच जमा होतो.

कार्यालयात हालचालीची वाटणी पदानुसार होते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. संचिका शिपाई नेतो, पाणी शिपाई आणतो, झेरॉक्स काढण्यासाठीही तोच जातो. घंटी वाजवली की माणूस समोर येतो. जितके पद मोठे तितके उठण्याचे प्रसंग कमी. लंडनच्या बसमधील वाहक आणि चालक यांचा भेद अशा रीतीने कार्यालयाच्या एकाच दालनात पाहावयास मिळतो. साहेबाने स्वतः उठून अभिलेख कक्षात जाणे कमीपणाचे मानले जाते. त्यामुळे हालचालीच्या आड वेळेचा अभाव जेवढा येतो, तेवढीच प्रतिष्ठेची कल्पनाही येते. ई-कार्यालय प्रणालीमुळे कागदी संचिका घटत असून शिपायाचे चालणेही कमी होत आहे.

हवामानाचा अडथळाही खरा आहे. एप्रिल व मे महिन्यांत जिल्ह्यातील तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. दुपारी बाहेर फिरण्याचा सल्ला या काळात गैरलागू ठरतो. या दिवसांत हालचाल पहाटे, सूर्यास्तानंतर किंवा छताखाली करावी लागते.

नोकरदार स्त्रियांची अडचण दुहेरी आहे. सकाळचा स्वयंपाक, डबे आणि मुलांची शाळा यांमुळे पहाटेचा वेळ त्यांच्या हाती नसतो; अंधार पडल्यावर एकटीने फिरणे अनेक ठिकाणी सोयीचे नसते. झाडणे, पुसणे, पाणी भरणे ही घरकामेही शारीरिक हालचालीत मोजली जातात, परंतु त्यांतील सर्वच कामे मध्यम श्रमाच्या पातळीस पोचत नाहीत. कार्यालयात स्वच्छ स्वच्छतागृह नसेल तर अनेक स्त्रिया पाणी पिणेच कमी करतात. त्यामुळे उठण्याचे आणखी एक निमित्त नाहीसे होते आणि मूत्रमार्गाच्या विकारांचा धोका वाढतो.

जागतिक शिफारशी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र श्रमाची हालचाल करावी. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल सांभाळण्याच्या व्यायामांची त्यात भर घालावी. हालचाल सलग किमान १० मिनिटे असावी ही पूर्वीची अट या तत्त्वांत राहिलेली नाही. दोन मिनिटांचे चालणेही हिशेबात धरले जाते. बसण्याचा वेळ कमी करावा असे सांगितले असले, तरी त्याची तासांत मर्यादा ठरवून दिलेली नाही.

१० लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसातून ८ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये आढळणारा अकाली मृत्यूचा वाढीव धोका रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रम करणाऱ्यांमध्ये दिसला नाही. जे इतका वेळ देऊ शकत नाहीत, त्यांच्या बाबतीत बसण्याचा वेळ घटवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

कार्यालयीन दिवसातील उपाय

बसणे खंडित करण्यासाठी वेगळी जागा, साधने किंवा खर्च लागत नाही. दर तासाला ३ मिनिटे उठून चालल्यास आठ तासांत २४ मिनिटे आणि पाच दिवसांच्या आठवड्यात १२० मिनिटे हालचाल होते. ती सर्व मध्यम श्रमाची नसली, तरी स्नायूंना जागे ठेवण्यास पुरेशी असते. नेहमी सुचवले जाणारे उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

• टेबलावर मोठी बाटली भरून ठेवण्याऐवजी लहान पेला ठेवावा आणि पाण्यासाठी प्रत्येक वेळी उठावे.
• शेजारच्या विभागातील सहकाऱ्यास दूरध्वनी करण्याऐवजी समक्ष जाऊन भेटावे. किमान काही संचिका स्वतः न्याव्यात.
• भ्रमणध्वनीवरील संभाषण उभ्याने किंवा व्हरांड्यात चालत करावे.
• दुपारच्या जेवणानंतर १० मिनिटे सावलीत शतपावली करावी. रक्तशर्करेच्या दृष्टीने ही वेळ विशेष उपयुक्त आहे.
• एक-दोन मजल्यांसाठी जिना वापरावा.
• उठणे शक्य नसेल तेव्हा टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत, गुडघे सरळ करावेत आणि खांदे मागे फिरवावेत.
• हातांचा आधार न घेता खुर्चीवरून सलग १० वेळा उठून बसावे. ही बैठकांचीच सौम्य आवृत्ती आहे.
• बसने जाणाऱ्यांनी शक्य असल्यास एक थांबा आधी उतरावे. दुचाकी कार्यालयाच्या दारापासून थोडी दूर लावावी.
• दर २० मिनिटांनी २० सेकंद दूरवर पाहून डोळ्यांना विसावा द्यावा.

बसण्याची पद्धतही योग्य असावी. पाय जमिनीवर सपाट टेकलेले, कंबरेला आधार आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीजवळ असावी. खुर्ची उंच असल्यास पायांखाली पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवता येतो. तथापि कितीही चांगली खुर्ची असली, तरी एकाच स्थितीत दीर्घकाळ राहणे शरीरास मानवत नाही.

वैयक्तिक निश्चय कार्यालयाच्या साहाय्याविना फार काळ टिकत नाही. जेवणाची सुट्टी खरोखर मिळणे, वापरण्याजोगी स्वच्छतागृहे, उजेड असलेला जिना, सावलीची जागा आणि छोट्या बैठका उभ्याने घेण्यास वरिष्ठांची संमती या गोष्टी संस्थेच्या हातात असतात. वरिष्ठ अधिकारी स्वतः उठून चालू लागल्यास कनिष्ठांचे उठणे कामचुकारपणात जमा होत नाही.

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरा

महाराष्ट्रात तालीम, मल्लखांब, कुस्ती आणि सूर्यनमस्कार यांची जुनी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ मध्ये स्थापन झाले. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी योगक्रियांच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा पायंडा पाडला.

बैठ्या कामाच्या दृष्टीने औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांचे कार्य उल्लेखनीय आहे. त्यांनी सूर्यनमस्कार हा आखाड्यातील पैलवानाप्रमाणेच सर्वसामान्य स्त्री-पुरुषांनी व मुलांनी रोज घरी करावयाचा व्यायाम म्हणून मांडला आणि संस्थानातील शाळांतून त्याचा प्रसार केला. याविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते, उपकरण लागत नाही आणि पाठ, खांदे, मांड्या व पोटऱ्या यांना एकत्र व्यायाम मिळतो. पर्जन्यकाळात किंवा कडक उन्हाळ्यात घरात करता येणे हा त्याचा मोठा लाभ आहे.

केंद्रीय आयुष मंत्रालयाने कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी 'वाय-ब्रेक' हा ५ मिनिटांचा योगक्रम तयार केला आहे. त्याचे भ्रमणध्वनीवरील उपयोजन सप्टेंबर २०२१ मध्ये उपलब्ध झाले. त्यात आसने, प्राणायाम आणि ध्यान यांचा समावेश असून ती कामाच्या जागीच करता येतात.

बीड जिल्ह्याला चालण्याची आणि खेळाचीही परंपरा आहे. पैठणहून निघणारी संत एकनाथांची आणि शेगावहून निघणारी संत गजानन महाराजांची पालखी या जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळवले. पाटोद्याचे कुस्तीपटू राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. अशा यशाने तरुणांना प्रेरणा मिळते. बैठे काम करणाऱ्या प्रौढांची गरज मात्र निराळी आहे. त्यांना विक्रमाची नव्हे, तर वर्षाचे बाराही महिने टिकणाऱ्या साध्या हालचालीची आवश्यकता असते. वर्षातून एकदा शेकडो किलोमीटरची पायी वारी आणि उरलेले महिने खुर्ची, हा क्रम आरोग्याच्या दृष्टीने पुरेसा ठरत नाही. वारीला जाणाऱ्या बैठ्या कर्मचाऱ्याने काही आठवडे आधीपासून चालण्याचे अंतर हळूहळू वाढवावे, हे श्रेयस्कर.

सावधगिरी

बरीच वर्षे व्यायाम न केलेल्या व्यक्तीने आरंभ संथ करावा आणि दर आठवड्याला वेळ थोडा वाढवावा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, तसेच गरोदरपणात वैद्यकीय सल्ला घ्यावा. चालताना छातीत दडपण येणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, घेरी येणे किंवा असाधारण दम लागणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तींनी अनवाणी चालणे टाळावे आणि पायांची रोज तपासणी करावी. गुडघे किंवा मणका यांचा विकार असल्यास सूर्यनमस्कार जाणकाराच्या देखरेखीखाली शिकावेत.

३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत प्राथमिक आरोग्य केंद्रांत व शासकीय रुग्णालयांत केली जाते. बीड येथे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही विकार दीर्घकाळ लक्षणांविना राहू शकतात. त्यामुळे त्रास नसतानाही तपासणी करणे महत्त्वाचे ठरते.

मर्यादा आणि मतभेद

बसणे म्हणजे धूम्रपानच, अशा अर्थाची विधाने प्रचारात आढळतात. परंतु धूम्रपानाचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे आणि ही तुलना अतिशयोक्त मानली जाते. उभ्याने काम करण्याच्या टेबलांविषयीही मर्यादित अपेक्षा ठेवाव्यात. नुसते उभे राहण्याने ऊर्जाखर्च किंचितच वाढतो आणि तासन्तास उभे राहिल्यास पायांच्या शिरा फुगणे व कंबरदुखी यांचा त्रास होतो. दिवसभर उभे राहून शिकवणारे शिक्षक आणि दुकानांतील विक्रेते यांना हा अनुभव परिचित असतो.

श्रमाविषयीही एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. हालचाल हितकारक असते, म्हणून सर्व कष्ट हितकारक ठरत नाहीत. ऊसतोड कामगाराचे श्रम विश्रांती, पुरेसे अन्न आणि वैद्यकीय सोयी यांच्या अभावी शरीर झिजवतात. काही संशोधकांच्या मते फुरसतीतील हालचाल आणि पोटासाठीचे सक्तीचे श्रम यांचे परिणाम सारखे नसतात. बीड जिल्ह्यात ही दोन्ही टोके अनेकदा एकाच घरात दिसतात. एका पिढीचे शरीर अतिश्रमाने थकले आहे आणि दुसऱ्या पिढीचे न हलल्याने. खुर्चीवर बसलेल्या पिढीने पूर्वीच्या कष्टांकडे परतावे, असा या शिफारशींचा अर्थ नाही. मिळालेली खुर्ची सोडण्याची गरज नसून तासातून एकदा तिच्यावरून उठणे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.